डोळ्याखालचा भोवरा

सोयराबाईला राग येतो, असं म्हणणं बरोबर नाही. राग तिच्याकडे राहायलाच असतो. एखाद्या दिवशी तो कुठं बाहेर गेला, तर बोळातली माणसं काळजीनं विचारतात, "एनु अक्का, काय झालं, अंगात ताप आहे काय?" कचऱ्याची गाडी उशिरा आली तरी ती भांडते आणि लवकर आली तरी भांडते. एकदा एका बँडवाल्यानं वरातीत गंमत म्हणून तिच्या घोडीच्या कानाशी कर्णा फुंकला, तर तिनं त्याला टोपीसकट रसेल मार्केटच्या मच्छीबाजारापर्यंत पिटाळत नेलं. तेवढा वेळ घोडीचा लगाम नवरदेवाच्या मामानं धरला होता आणि नवरदेव वर बसून वाट बघत होता.

बेंगळूरच्या शिवाजीनगर बस स्टँडमागे जुन्या लोखंडी सामानाची दुकानं संपतात, तिथं आत वळलं की तिचा तबेला. तबेला म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन जनावरं उभी राहतील एवढी जागा, आणि मागे राहायच्या दोन खोल्या. रेशन कार्डावर तिचं नाव 'सोयरा बाई एन.' असं आहे. एन म्हणजे नागनाथ, तिचा नवरा. चारशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या फौजेबरोबर घराणं इकडे आलं, असं घरात सांगतात. सरदार गेला, फौज गेली, घोडं तेवढं राहिलं. सासरे येसाजीराव टांगा हाकायचे. टांगे बंद पडले तसा नागनाथनं वरातीचा धंदा धरला. आठ वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता बाई घोडी विकणार. बाईनं तेराव्याला लगाम हातात घेतला. वरातीपुढे बाई चालते म्हणून एका वरबापानं नाक मुरडलं, तर ती म्हणाली, "तुमच्या पोराला घोड्यावर बसाया लाज वाटत नाही, मग मला धराया का वाटावी?" पुढं मारवाडी, मराठे आणि आता सर्जापूर रोडवरच्या मोठमोठ्या अपार्टमेंटांतले कम्प्युटरवाले, सगळे तिच्याचकडे यायला लागले.

ती घोडी यंदा आषाढात पोटशूळानं गेली. दोन दिवस लोळत होती. डॉक्टर आला, सुई दिली, पण काही उपयोग झाला नाही. सोयराबाई त्या डॉक्टरवर ओरडली, चारा देणाऱ्यावर ओरडली आणि तिसऱ्या दिवशी रिकाम्या खुंट्याजवळ बसून गप्प झाली. बोळातल्यांनी तेव्हाच ओळखलं, की हे प्रकरण साधं नाही.

आणि मग दीर आला. गुंडो. नागनाथचा धाकटा भाऊ, बस डेपोत कारकून होता, आता निवृत्त. माणूस वाईट नाही, फक्त त्याला रिकामी जागा बघवत नाही. जागा दोघा भावांच्या नावावर होती. तो म्हणाला, "वैनी, मेट्रोला जाणारे लोक गाडी ठेवायला जागा शोधतात. आपण स्कूटरींचं पार्किंग करूया. तुला घरबसल्या मिळेल. आता ह्या वयात घोडी कशाला?"

"माझं वय तू मोजू नको. तुझी कंबर बघ."

"सरी, चालेल. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत घोडी उभी कर. तुळशीच्या लग्नानंतर वराती सुरू होतात, तेव्हा काम मिळालं पाहिजे. नाहीतर पार्किंग."

"सरी," सोयराबाई म्हणाली.

म्हणजे हातात तीन महिने होते. आजवर घोडं विकत घ्यायला घरातले पुरुष जत्रेला जायचे, दहा दिवस मुक्काम करायचे, आणि येताना घोडं घेऊन यायचे. सोयराबाईनं जनावर पोसलं होतं, चालवलं होतं, मेलेलं बघितलं होतं, पण विकत कधी घेतलं नव्हतं. शिवाय गुडघे. गुंडोची मुलगी श्रीविद्या एका ऑफिसात नोकरी करते. घरात ती हिला कानडी रीतीनं दोड्डम्मा म्हणते, म्हणजे थोरली आई. ती म्हणाली, "दोड्डम्मा, आता घोडी फोनवर मिळतात." आणि तिनं हिला घोड्यांच्या एका ग्रुपवर घातलं.

सोयराबाई त्या ग्रुपवर दिवसभर घोडे बघायला लागली. शेपूट हलवणारे घोडे, ढोलावर नाचणारे घोडे, मागे ट्रॅक्टर आणि पुढे पाटील असलेले घोडे. प्रत्येकाला ती नावं ठेवायची. पण खरी परीक्षा तिची वेगळीच होती, आणि ती तिला सासऱ्यांनी शिकवली होती. भोवऱ्यांची.

घोड्याच्या अंगावर केस जिथं गोल फिरतात तो भोवरा. तो कुठं आहे यावर घोडं ठेवायचं की हाकलायचं, हे जुनी माणसं ठरवतात. गळ्यावर असला तर देवमण, तो असला की बाकीचे सगळे दोष माफ. पायावरचा भोवरा खाली वळला असेल तर मालकाचा खुंटा जमिनीत घट्ट राहतो, वर वळला तर खुंटा उपटतो, घर उठतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे डोळ्याखालचा भोवरा. त्याला आसूढाळ म्हणतात. तसलं घोडं दारात बांधलं की त्या घरात रडणं थांबत नाही. येसाजीरावांनी आसूढाळ घोडं फुकट मिळत असताना परत पाठवलं होतं, ही गोष्ट सोयराबाई लग्नानंतर पहिल्या वर्षापासून ऐकत आली होती.

ग्रुपवर दत्ता नावाचा एक जण होता. भीमेकाठचा. त्याच्या नावापुढे कुणीतरी 'विश्वासू' असं लिहिलं होतं. त्यानं एक पांढरीशुभ्र घोडी टाकली होती, सहा वर्षांची, वरातीला शिकवलेली. सोयराबाईनं श्रीविद्याला फोन लावायला सांगितला, आणि पहिलाच प्रश्न टाकला, "देवमण आहे काय?"

पलीकडून दत्ता म्हणाला, "वा! बाईसाहेब, आजकाल देवमण विचारणारं गिऱ्हाईक राहिलंय कुठं? लोक फक्त रंग बघतात. तुम्ही जुन्या घराण्यातल्या दिसता."

सोयराबाई खुलली. हे आपलं सांगून टाकावं, कारण नंतर तिनं स्वतः कधी कबूल केलं नाही. चारशे वर्षं या गावात राहून घराण्याची मराठी घरात आणि देवासमोर बोलण्यापुरती उरली होती; बाहेर कानडी, बाजारात हिंदी. पुण्या-मुंबईहून नवीन आलेली माणसं तिची मराठी ऐकून हसू दाबतात, हे तिला कळायचं. आणि इथं खुद्द मुलखातला माणूस तिला बाईसाहेब म्हणत होता. आपल्या बोलण्यात कानडी शब्द येऊ नये म्हणून ती दत्ताशी जपून, थोडकं बोलायला लागली. ज्या बाईनं आयुष्यात भाजीवाल्याला सोडलं नाही, तिनं या माणसाशी घासाघीससुद्धा हलक्या आवाजात केली.

"घोडीला... जरा या बाजूला फिरवून गळा दाखवता का?"

"दाखवतो की. तुम्ही सांगाल तो भोवरा दाखवतो."

आणि दाखवला. एकेक व्हिडिओ येत गेला. गळ्यावरचा देवमण, अगदी नाण्याएवढा. पुढच्या पायावरचा भोवरा, खाली वळलेला. कपाळावरचा एक, मधोमध. शेवटी तिनं डोळ्याखालचं मागितलं, दोन्ही बाजूंचं, जवळून. दत्तानं तेही पाठवलं. अकरा सेकंद डावी बाजू, अकरा सेकंद उजवी. सोयराबाईनं चष्मा लावून, फोन उजेडाला धरून, दोन्ही व्हिडिओ पंधरा-वीस वेळा बघितले. आसूढाळ नव्हता. तिनं हातातल्या पाटल्या मोडल्या, साठवलेलं काढलं आणि पैसे पाठवले.

श्रीविद्या म्हणाली होती, "जाऊन बघून यायचं का एकदा? मी सुट्टी काढते."

"बघितलं की. अजून काय बघायचं? भोवरे बोलतात," सोयराबाई म्हणाली.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं घोडी होती, एवढाच फरक.

घोडी नवरात्राच्या आधी एका सकाळी टेंपोतून आली. बोळ सगळा जमा झाला. लोखंडवाले दुकानं सोडून आले. घोडी उतरली आणि खरोखरच सगळ्यांच्या तोंडून आवाज निघाला, इतकी देखणी होती. मान ताठ, आयाळ खांद्यापर्यंत रुळणारी, अंगावर डाग नाही. गुंडोसुद्धा म्हणाला, "वैनी, चांगली आहे हं." सोयराबाईनं नऊवारी नेसली होती. तिनं घोडीच्या खुरांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं आणि श्रीविद्याच्या हातातून आरतीचं ताट घेतलं.

ओवाळायला ती उजव्या बाजूनं गेली. घोडी शांत उभी होती. ताट तोंडाजवळ आलं तरी कान हलला नाही, मान वळली नाही. सोयराबाईला मनातून बरं वाटलं, किती गरीब जनावर. तिनं ताट आणखी जवळ नेलं, आणि निरांजनाची ऊब गालाला लागली तशी घोडी एकदम उसळली. ताट उडालं, दिवा बोळात पडला, कुंकू गुंडोच्या सदऱ्यावर. माणसं मागे पळाली. घोडी मान फिरवून डाव्या डोळ्यानं शोधत होती, की हे काय आलं होतं.

सोयराबाईनं हळूच पुन्हा उजव्या बाजूला जाऊन घोडीच्या डोळ्यासमोर हात हलवला. काही नाही. अजून जवळ. काही नाही. डोळ्यात फूल पडलं होतं. काळ्या बुबुळावर दुधाच्या सायीसारखा पांढरा पडदा, जुना, पिकलेला. त्याच्या खाली केस सरळ, गुळगुळीत. भोवरा बिवरा काही नाही.

मग राग आला. बोळानं तिचे राग बघितले होते, पण हा नव्हता बघितला. ती ओरडली नाही. तिनं पदर खोचला, फोन घेतला आणि आपल्या हातानं दत्ताला लावला.

"घोडी पोचली का बाईसाहेब?"

"घोडीचा उजवा डोळा गेलाय."

"हो," दत्ता म्हणाला.

"हो? हो म्हणतोस? आंधळी घोडी विकलीस मला!"

"एका डोळ्यानं. बाईसाहेब, आवाज चढवू नका. तुम्ही डोळ्याचं विचारलं होतं का? चालवून दाखव म्हणालात? दात, पाय, काही विचारलं? तुम्ही भोवरे मागितले, मी भोवरे दाखवले. डोळ्याखालचा व्हिडिओ तर तुम्हीच मागवला होता ना? डोळा त्यात आहे की. मी काय झाकलं?"

इथं सोयराबाईची जीभ सुटली. मराठी संपली तशी कानडी आली, कानडी संपली तशी बाजारची हिंदी. दत्ताच्या सात पिढ्या, त्याची गुरं, त्याचं गाव, त्याचं मडकं, काही शिल्लक ठेवलं नाही. पलीकडून हसण्याचा आवाज आला. "बाईसाहेब, कानडी आम्हाला समजत नाही हो. तुमची ती मराठीच गोड आहे," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. पुन्हा लावला तर लागेना.

श्रीविद्यानं व्हिडिओ काढला. उजवी बाजू, अकरा सेकंद. तिसऱ्या सेकंदालाच डोळा दिसत होता. अख्खा, स्पष्ट, पांढरा. दत्तानं कॅमेरा हलवलासुद्धा नव्हता. हे सोयराबाईनं वीस वेळा बघितलं होतं. फोन उजेडाला धरून, चष्मा लावून. डोळ्याखालचा भोवरा शोधताना तिला वरचा डोळा दिसला नव्हता.

तो माणूस खोटं बोलला असता तर तिला सोपं गेलं असतं. पोलिसांत गेली असती, ग्रुपवर शिव्या लिहिल्या असत्या. पण सगळा जमाखर्च खरा होता, आणि बिनडोक ठरली होती ती एकटी. हा राग ठेवायला जागा मिळेना. तिनं दूधवाल्याला पाणी घातलंस म्हणून झोडपलं, लोखंडवाल्याला हातोडा वाजवतो म्हणून झोडपलं. सासऱ्यांच्या फोटोसमोर उभी राहून त्यांनाही ऐकवलं, "भोवरे शिकवले. डोळे बघायचं कोण शिकवणार?" सगळ्यांत वाईट म्हणजे घोडीवर राग काढता येत नव्हता. घोडी गरीब होती. खरारा करताना मान खांद्यावर टेकवायची. तिला काय माहीत, आपण कुणाची फसवणूक आहोत ते.

वरातीत फटाके उजव्या बाजूनंही फुटतात. नाचणारी माणसं उजव्या बाजूनंही येऊन अंगावर पडतात. आणि वर नवरदेव असतो, पुढे एखादं लहान पोर बसवलेलं असतं. अशी घोडी आंधळेपणानं वरातीत नेणं म्हणजे कुणाचा तरी जीव घेणं, हे सोयराबाईला सांगायला नको होतं.

पाडव्याला अठरा दिवस राहिले तेव्हा गुंडो म्हणाला, "वैनी, एक सांगू? रागावू नको."

"बोल."

"तेच व्हिडिओ तू ग्रुपवर टाक. तेच शब्द लिही. तुला जसं दिलं तसं तू पुढं दे. तुझे पैसे निघतील, दुसरी घोडी येईल, तबेला राहील. नाहीतर मला पार्किंगवाल्याला हो म्हणावं लागेल."

सोयराबाईनं त्याला दोन दिवस शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी ती श्रीविद्याला म्हणाली, "टाक."

"दोड्डम्मा, डोळ्याचं लिहू का?"

"कोणी विचारलं तर सांगू."

म्हणाली आणि तिचं तिलाच कळलं, हे बोलणं कुणाचं आहे. तरीही तिनं श्रीविद्याला थांबवलं नाही. हेही सांगून टाकलेलं बरं.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. वेदांत नावाचा मुलगा, मूळ पुण्याचा, मारतहळ्ळीत राहतो, कम्प्युटरच्या कंपनीत. होसकोट्याकडे त्यानं फार्महाऊस घेतलं होतं आणि वडिलांच्या साठीला त्यांना घोडी द्यायची होती.

"काकू, घोडी खूप सुंदर आहे. मला यातलं काही कळत नाही, पण बाबांनी सांगितलंय, देवमण विचार. आहे ना?"

"आहे."

"परफेक्ट. आणि डोळ्याखाली काहीतरी असतं म्हणे, ते नको. आसू... काहीतरी."

"आसूढाळ."

"हां, तेच! व्हिडिओ आहे का?"

सोयराबाईनं श्रीविद्याकडे बघितलं. श्रीविद्यानं व्हिडिओ पाठवला. उजवी बाजू, अकरा सेकंद. फोनवर वेदांत ते बघत असताना त्याचा श्वास ऐकू येत होता. सोयराबाई वाट बघत होती. आता विचारेल. आता त्याला दिसेल. तिसरा सेकंद गेला असेल.

"नाहीये काही. मस्त," वेदांत म्हणाला. "काकू, मी अ‍ॅडव्हान्स पाठवतो."

"अजून काही विचारायचं नाही?"

"नाही."

"नीट बघितलास व्हिडिओ?"

"दोनदा बघितला. काकू, तुमच्यासारख्या जाणकार लोकांना मी काय विचारणार? तुम्ही जुन्या घराण्यातल्या. आय ट्रस्ट यू."

"बघायला कधी येतोस?"

"अहो, मारतहळ्ळीहून शिवाजीनगर म्हणजे दीड तास ट्रॅफिक. बघायचंय काय त्यात? तुम्ही पाठवून द्या."

आणि सोयराबाई फुटली.

"अरे मुडद्या, डोळा बघ! डोळ्याखाली काय बघतोस, डोळा बघ की! डोकं आहे की मडकं? दीड तास लांब राहतोस आणि जनावर बघायला येत नाहीस? टमाटे घेताना दाबून बघतोस ना? चप्पल घालून बघतोस ना? घोडी चालते की लंगडते, विचारलंस? दात किती, विचारलंस? जाणकार म्हणे! जुनं घराणं म्हणे! कोण जाणकार? त्या जाणकार बाईलाच असा एकानं व्हिडिओ पाठवला, आणि तिनं वीसदा बघितला, आणि तिला दिसलं नाही! कोणी गोड बोललं की झालं? बाईसाहेब म्हटलं की झालं? आपल्या मुलखातला आहे म्हणून झालं?"

ती दहा मिनिटं बोलत होती. दत्तासाठी साठवलेलं, स्वतःसाठी साठवलेलं, सगळं त्या बिचाऱ्या पुणेकरावर पडलं. लोखंडवाल्यानं हातोडा थांबवला. अखेर दम लागला तेव्हा पलीकडून हळू आवाज आला.

"म्हणजे... घोडी आंधळी आहे?"

"उजव्या डोळ्यानं."

"मग तुम्ही मला फसवत होतात."

या वाक्याला उत्तर म्हणून सोयराबाईला खूप काही म्हणता आलं असतं. तू विचारलं का, असंही म्हणता आलं असतं. ते उत्तर तर तयारच होतं. ती म्हणाली, "हो. फसवत होते."

वेदांतनं फोन ठेवला. अर्ध्या तासानं ग्रुपवर त्यानं सगळं लिहिलं, बेंगळूरच्या या बाईपासून सावध राहा म्हणून. खाली लोकांनी हात जोडले, निषेध केला. दत्तानंही लिहिलं, 'अशा लोकांमुळे आपल्या व्यवसायाचं नाव खराब होतं.' संध्याकाळच्या आत सोयराबाईला ग्रुपमधून काढून टाकलं. दत्ता आत राहिला, नावापुढच्या विश्वासूसकट.

हे ऐकून गुंडो रागानं लाल झाला. आयुष्यात पहिल्यांदा बोळानं त्याचा राग बघितला. "त्यानं आंधळी घोडी विकली, तो साव! आणि आमची वैनी खरं बोलली तर चोर!"

"मी खरं बोलले नाही, गुंडो," सोयराबाई म्हणाली. ती घोडीच्या उजव्या बाजूला बसून तिचे पाय चोळत होती. "मी विकायला बसले होते. पोरानं पैसे पाठवले असते तर मी घेतले असते. मला राग आला म्हणून तोंडातून बाहेर पडलं. राग आला नसता तर आज मी पण दत्ताच."

सगळ्या घरानं तिला तीस वर्षं सांगितलं होतं, राग जरा कमी कर. गुंडो उठला आणि घोडीच्या डाव्या बाजूनं, तिला दिसेल असा वळसा घालून घरी गेला.

पाडव्याच्या दिवशी तो पार्किंगवाल्याला घेऊन आला. सोयराबाईनं भांडायची तयारी ठेवली होती. पण गुंडोनं त्याला फक्त डावीकडची अर्धी जागा दाखवली. "एवढीच. पलीकडे घोडी आहे. स्कूटरी तिच्या डाव्या हाताला लागतील, म्हणजे तिला दिसतील," तो म्हणाला. पार्किंगवाल्यानं कुरकुर केली. गुंडो त्याच्यावर खेकसला. सोयराबाईनं मधे तोंड घातलं नाही.

मग वरातींचे फोन सुरू झाले. सोयराबाईनं एक ठरवून टाकलं होतं. तारीख नाही, ठिकाण नाही, पहिलं वाक्य एकच: "घोडी उजव्या डोळ्यानं आंधळी आहे. त्या बाजूला मी स्वतः चालते, त्या बाजूला फटाका नाही, माणूस नाही. पटत असेल तर बोला." आणि तेही अशा आवाजात, की समोरच्याला वाटावं, घोडीचा डोळा त्यानंच फोडलाय. पहिल्यानं फोन ठेवला. दुसऱ्यानं विचारलं, आंधळी म्हणून दर कमी करणार का, तर तिनंच फोन ठेवला. तिसरा म्हणाला, फोटो डाव्या बाजूनं काढू, मग काय बिघडतंय, त्याला तिनं त्याच्या आईची आठवण करून दिली. पंधरा दिवस असेच गेले. श्रीविद्या म्हणाली, "दोड्डम्मा, डोळ्याचं सांग, पण स्वल्प हळू सांग." तिनं ऐकलं नाही.

मग सर्जापूर रोडवरून एका बाईचा फोन आला. नीलिमा नाव, नागपूरची, धाकट्या भावाचं लग्न. सोयराबाईनं तिलाही पहिलं वाक्य तसंच ऐकवलं आणि फोन कधी तुटतो याची वाट बघत बसली. फोन तुटला नाही.

"मग तुम्ही उजवीकडून चालणार, तर डावीकडे कोण असतं?" नीलिमानं विचारलं.

"डावीकडे तिला दिसतं. डावीकडे कोणी नको."

"बरं. आणि बँड पुढे ठेवायचा की मागे?"

"पुढे. लांब."

"आणि एक विचारू का? राग येणार नसेल तर."

"विचार."

"आम्ही रविवारी येऊन तिला आधी बघून जाऊ का? भाऊ पण येईल. एकदा बसून बघेल, ती कशी चालते ते बघू. मग ठरवू."

या सगळ्या प्रकरणात घोडी घेणाऱ्यांपैकी, वेदांतनं काय आणि तिनं स्वतः काय, हा एक प्रश्न कुणी विचारला नव्हता; श्रीविद्यानं विचारला, तो तिनं उडवून लावला होता. रडू येणार असं वाटताच सोयराबाईला स्वतःचाच भयंकर राग आला.

"मग!" ती फोनवर एवढ्यानं ओरडली, की स्कूटर लावणारा माणूस दचकला. "न बघता घेता की काय? या की! डोळे बघा, दात बघा, पाय उचलून बघा! सगळं बघितल्याशिवाय मी देणारच नाही तुम्हाला, सांगून ठेवते!"

"सरी अक्का," नीलिमा हसून म्हणाली. तिला कानडी तेवढीच येत होती. "रविवारी दहाला येतो."